जुन्या पिकअपची कैफियत

तुर्भ्याच्या घाऊक बाजाराला आणि शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले जुईनगर हे रेल्वेने रोज जाणाऱ्या-येणाऱ्यास हार्बर आणि ट्रान्स-हार्बर या दोन मार्गांच्या संगमावरील स्थानक म्हणूनच परिचित असते. परंतु मुंबईचा कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली आणि भाजीपाला व फळांचा १९९६ साली या बाजूस आल्यापासून, तसेच १९८९ मध्ये न्हावा-शेव्यास जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून, या परिसराची भाकरी चाकांवर अवलंबून राहिली आहे, आणि त्या चाकांची शुश्रूषा करणारी एक विद्या येथे महामार्गाच्या कडेने कोणत्याही पाटीवाचून नांदते आहे. कंटेनर आणि मोठे ट्रक यांचा दबदबा डोळ्यांत भरतो खरा. तथापि जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो रात्रीतून माळशेज उतरवून आणणारी आणि परतीस पत्रा, रंगाचे डबे किंवा कोणाचे घरसामान जे मिळेल ते घेऊन जाणारी गाडी म्हणजे पिकअप, मग ती महिंद्राची बोलेरो असो की टाटांची २०७. अशी गाडी दहा-बारा वर्षांची झाली, की इंजिनाआधी तिची मागची बाजू तक्रार करू लागते.

ही तक्रार समजून घ्यावयाची तर मागची रचना ध्यानी घेतली पाहिजे. गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती प्रोपेलर शाफ्टने, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘जॉइंटा’ने, मागच्या हौसिंगपर्यंत जाते आणि तेथे क्राऊन-पिनियन तिला काटकोनात वळवून दोन्ही एक्सलांच्या स्वाधीन करतात, एवढे सर्वश्रुत आहे, पण ते अवजड हौसिंग गाडीला बांधून ठेवणारे दुसरे काहीच नसून केवळ पोलादाचे पाटेच आहेत, चाकांचा पुढे रेटा पाटेच चासीला पोचवतात, आणि पिनियन फिरताना हौसिंग उलट दिशेने पिळू पाहते तो पीळही पाटेच सोसतात, ही गोष्ट मालकांच्या सहसा लक्षात येत नाही. हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना त्या जीपमध्येही होती, जिची जुळवणी महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास माझगावला सुरू केली होती. आणि गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच हॉचकिस कंपनीने फ्रान्समध्ये परवान्याने जीपच तयार केली. सारांश, जॉइंटाचा रोग आणि पाट्यांचा रोग ही दोन दप्तरे वेगळी ठेवणारा मिस्त्री कितीही हुशार असला, तरी निम्माच मिस्त्री समजावा.

चांगला मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी चालकाची जबानी घेतो. आवाज गाडी उचलताना येतो की पाय काढल्यावर, थरथर किती वेगाला सुरू होते, गाडी भरलेली असता की रिकामी असता, या प्रश्नांची उत्तरे चालक बहुधा ‘मागून काहीतरी वाजतंय’ या एका वाक्यात गुंडाळतो, म्हणून मग मिस्त्री स्वतःच शेजारी बसून गाडी महामार्गावर काढावयास लावतो. थरथर सुरू झाली, की त्याच वेगाला क्लच दाबून गिअर न्यूट्रल करावयाचा आणि इंजिन मंद चालू ठेवावयाचे. ते बंद करण्याची हौस कोणी करू नये, कारण ब्रेकची मदतच त्याबरोबर जाते. थरथर नाहीशी झाली तर संशय इंजिन, क्लच आणि त्यांच्या फाउंडेशनकडे वळतो, आणि तशीच राहिली तर गिअरबॉक्सच्या मागचे सारे, चाकांसह, चौकशीच्या कक्षेत येते. दोन मिनिटांच्या या परीक्षेने अर्धी गाडी संशयमुक्त होते. ती न करता परस्पर क्लचप्लेट बदलून बिल फाडणारे महाभाग आहेत, आणि त्यांच्याही दारात रांग असते!

यानंतर गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून उभी केली जाते आणि मिस्त्री खाली शिरतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि दोन्ही हातांनी जॉइंट उलटसुलट पिळताना त्याची नजर जॉइंटाच्या टोकांशी असलेल्या सांध्याच्या, म्हणजे क्रॉसच्या, चार टोप्यांवर खिळलेली असते. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी जमलेली दिसली, की आत ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया कोरड्या घासल्या गेल्या आहेत, हे त्याला क्रॉस न काढताच कळते. काढल्यावर तर पुरावा उघडाच पडतो: क्रॉसच्या गुळगुळीत असावयास हव्या त्या दांड्यावर सुयांनी पाडलेल्या बारीक समांतर खाचा नखाला लागतात. गिअर टाकताना ‘ठक्क’ असा जो आवाज येतो, त्याचा उगम बहुधा येथे असतो. पण जॉइंटाचा सरकता खाचदांडा झिजला, क्राऊन-पिनियनमधली चाल वाढली किंवा पाटे हौसिंगला आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले, तरी आवाज तोच येतो, म्हणून हाताने पिळताना नेमका कोणता भाग हलतो आणि कोणता मागे राहतो, याची शहानिशा करावीच लागते.

क्रॉसचा एक स्वभावदोष येथे सांगितला पाहिजे. कोनात चालणारा एकटा क्रॉस पुढचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरवीत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा त्यास पुढे ओढतो आणि दोनदा मागे रेटतो, आणि ही ओढाताण दुसऱ्या टोकाच्या क्रॉसने फेडली जाते ती दोन्ही कोन समान असतील आणि क्रॉस धरणारे दोन्ही काटे, म्हणजे योक, एका रेषेत असतील तरच. जॉइंट उघडताना खूण न करता, तो एक खाच चुकवून बसवला, तर सारे सुटे भाग नवे असूनही गाडी थरथरते. म्हणून जुना कारागीर प्रथम पंचने दोन ठिपके मारतो, आणि मगच बोल्ट सोडतो.

हौसिंगविषयी थोडक्यात सांगता येईल. ओढीवर येणारा आणि पाय काढताच बदलणारा घुरघुराट क्राऊन-पिनियनचा, केवळ वळणावर येणारा आतल्या लहान गिअरांचा, आणि एका बाजूस झोक देताच वाढणारा चाकाच्या बेअरिंगचा. तेल सोडल्यावर बोटांवर करडा लेप आला तर ती वयोमानाची झीज, पण पोलादाचे चकचकीत कपचे आले तर हौसिंग उघडण्यावाचून गत्यंतर नाही. कोकणच्या चिखलात हौसिंगमधली हवा सोडणारा ब्रीदर बुजतो, आतला दाब ऑइलसील ओलांडून तेल ब्रेकच्या लायनरवर फेकतो, आणि मालक बिचारा सीलमागून सील बदलीत राहतो.

खरा घोळ पाट्यांपाशी आहे. जास्त माल भरता यावा म्हणून दोन पाटे वाढवून घेण्याचा प्रघात इतका रूढ आहे, की तो कंपनीचाच हुकूम वाटावा. परंतु वाढीव पाट्यांनी रिकाम्या गाडीची मागची बाजू उंचावते, जॉइंटाचा कोन बिघडतो, आणि रिकामी असता थरथरणारी गाडी भरल्यावर शांत होते. याच्या उलट, पाटे बसले असतील किंवा जॉइंटाला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटले असेल, तर गाडी भरल्यावर, विशेषतः पहिल्या गिअरमध्ये उचलताना, अंग झाडते. यू-बोल्ट ढिले राहून पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, तर अख्खे हौसिंग एका बाजूने मागे सरकते आणि गाडी रस्त्यावरच्या कुत्र्यासारखी अंग तिरके ठेवून धावते. टायर झिजतात, मालक अलाइनमेंटवाल्याकडे खेपा घालतो, आणि दोष मात्र बोटभर बोल्टात दडलेला असतो. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजले, की तो उघडकीस येतो. मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळची चीर, शॅकलचे चेपलेले बुश आणि हँगरपाशी चासीवर उमटलेली केसाएवढी रेघ, ही तिन्ही वाढीव पाट्यांची अपत्ये म्हणून एकाच वेळी तपासावीत. शिवाय परवान्यापेक्षा अधिक माल सापडल्यास कायद्याने २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहेच. पाट्यांची संख्या वाढवून परवान्यातील वजन वाढत नाही.

मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावे लागते, आणि त्या निमित्ताने नवी मुंबईच्या एम.एच. ४३ पाटीच्या अनेक गाड्यांची मागची बाजू वर्षातून एकदा तरी कोणाच्या नजरेखालून जाते. पण त्या मुदतीची वाट पाहू नये. नवे पाटे बसवले, की काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. आणि जुनी पिकअप विकत घेणाऱ्याने ती रिकामी व परवान्याइतका माल भरून, अशी दोन्ही प्रकारे चालवून पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.