विश्वासाला नोंदणीची जोड हवी

आसेगावसारख्या गावात दोन मित्रांनी मिळून बी-बियाण्यांचे दुकान काढावयाचे ठरविले, तर एकाच्या घरून निवृत्तीची पुंजी येते आणि दुसऱ्याजवळ जागा व कष्टाची तयारी असते. मुद्रांकावर करार होतो, परवाने निघतात, बँकेत खाते उघडले जाते आणि दोघेही निर्धास्त होतात. पेढीची नोंदणी तेवढी राहून जाते. तिची आठवण होते ती प्रकरण न्यायालयात गेल्यावर. आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

१९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाने नोंदणी सक्तीची केली नाही. ती न करणाऱ्यास त्यात शिक्षाही सांगितलेली नाही. परंतु कलम ६९ वाचले म्हणजे ही मोकळीक किती महागात पडते हे ध्यानी येते. नोंदणी नसलेल्या पेढीला आपल्या व्यवहारातून निर्माण झालेल्या करारापोटी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. उलट बाहेरच्याने पेढीवर दावा लावण्यास कसलीच आडकाठी नाही. आणि कलम २५ प्रमाणे पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो. म्हणजे देणे चुकत नाही आणि येणे मात्र वसूल होत नाही!

वाशीम जिल्ह्यातील शेती सोयाबीन, तूर आणि कापसाची. येथील दुकानदारी हंगामाच्या उधारीवर चालते. पेरणीच्या वेळी दिलेल्या बियाण्यांचे पैसे पीक घरात आल्यावर मिळावयाचे असतात. ज्या धंद्याचा प्राणच उधारी, त्याने वसुलीचा कायदेशीर मार्ग स्वतःच्या हाताने बंद करावा, हे कोणत्या हिशेबात बसते?

भागीदारांच्या आपसांतील व्यवहाराची गोष्ट आणखी बोलकी आहे. मूळ कायद्यात नोंदणी नसली तरी पेढीचे विसर्जन आणि विसर्जित पेढीचा हिशेब मागण्याचा हक्क शाबूत होता. महाराष्ट्राने १९८४ मध्ये दुरुस्ती करून हाही दरवाजा बंद केला. लोकांनी नोंदणी करावी हा हेतू चांगला होता. फळ मात्र विपरीत होते. ज्याच्या हाती गल्ला आणि वह्या, तो निर्धास्त. आणि ज्याने पैसा घातला, त्याला स्वतःचा वाटा मागण्याचीही सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश राघुवेंद्र राव या खटल्यात ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. तो दरवाजा पुन्हा उघडला खरा, पण तो धंदा मोडतानाचा आहे. चालू पेढीच्या भागीदाराला कराराप्रमाणे आपला हक्क मागावयाचा असेल, तर नोंदणीची अट आजही कायम आहे.

काही गैरसमज दूर झाले पाहिजेत. पॅन क्रमांक, जीएसटीची नोंद किंवा नोटरीचा शिक्का म्हणजे पेढीची नोंदणी नव्हे. ती भागीदारी संस्था निबंधकांकडेच करावी लागते. विदर्भासाठी हे कार्यालय नागपुरात असून अर्ज आता ऑनलाइनही करता येतो. पेढीचे नाव, धंद्याची ठिकाणे, मुदत, भागीदारांची नावे व पत्ते आणि प्रत्येकजण सामील झाल्याची तारीख एवढा तपशील सर्वांच्या सहीनिशी द्यावयाचा असतो. पुढे भागीदार बदलले तर तेही कळवावयाचे असते. दाव्याच्या दिवशी दावा लावणाऱ्या भागीदारांची नावे निबंधकांच्या वहीत नसतील तर दावा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच श्रीराम फायनान्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

भागीदारीची वैशिष्ट्ये आमचे विद्यार्थी परीक्षेत पाठ लिहितात. घरच्या दुकानाची नोंदणी आहे काय, हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. गावात करारपत्राचा मसुदा करण्यासाठी लोक अजूनही गुरुजींकडे किंवा कचेरीतल्या कारकुनाकडे येतात. त्यांनी कागदाच्या शेवटी सह्या घेताना एवढेच विचारावे, ‘नोंदणीचा अर्ज केव्हा करणार?’ मित्राजवळ नोंदणीचा आग्रह धरणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे आपल्याकडे मानले जाते. वस्तुतः उद्या दोघांपैकी कोणाचीही नियत फिरली, तरी दुसऱ्याच्या लेकराबाळांचा घास हिरावला जाऊ नये, यासाठी आजच्या स्नेहानेच करून ठेवावयाची ही तरतूद आहे.