पुरानं नदी धुऊन निघते?

खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू झाला, भिडे पूल पाण्याखाली गेला, की पुण्यात हमखास ऐकू येतं, ‘चला, नदी धुऊन निघाली!’ धुऊन निघतो तो पुण्यापुरता तुकडा. तिथला गाळ, प्लॅस्टिक आणि जलपर्णी मुळा-मुठेतून भीमेत उतरतात आणि उजनीच्या जलाशयात जाऊन थांबतात. सोलापूर याच धरणाचं पाणी पितं.

वाहतं पाणी स्वतःला स्वच्छ करतं, हा समज मात्र अगदीच खोटा नाही. उथळ, खडकाळ पात्रात पाणी खळाळतं तेव्हा हवेतला प्राणवायू त्यात झपाट्यानं मिसळतो आणि त्याच्या जोरावर जिवाणू सांडपाण्यातली सेंद्रिय घाण फस्त करतात. पण याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाणी पुढे गेलेलं असतं. ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये हा हिशेब समीकरणात बसवला. जिवाणू प्राणवायू संपवतात त्या वेगानं तो हवेतून भरून येत नाही, म्हणून नदीची सर्वांत वाईट अवस्था नाल्याच्या तोंडाशी नसून बरीच खाली दिसते. घाण सोडणारं शहर एकीकडे, गुदमरणारे मासे दुसरीकडे. उन्हाळ्यात तर प्रवाहही क्षीण आणि पाणीही कोमट. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. शिसं, पारा यांच्यापुढे तर जिवाणूंचंही काही चालत नाही.

‘तळाशी बसलं ते गेलं’ हा समज त्याहून धोक्याचा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की तळावरचा रेटा साधारण चौपट होतो. चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना उखडायला वाळूपेक्षाही जास्त वेग लागू शकतो. मात्र एकदा उठले की ते मंद प्रवाहातही तरंगत लांब जातात, आणि जड धातू व कित्येक विषारी रसायनं नेमकी याच कणांना चिकटलेली असतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीत हेच घडलं. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून 1947 ते 1977 या काळात पीसीबी ही घातक रसायनं नदीत गेली. त्यांतली बरीचशी फोर्ट एडवर्डच्या जुन्या बंधाऱ्यामागच्या गाळात अडकून पडली होती. 1973 मध्ये तो जीर्ण बंधारा काढला आणि विषारी गाळ पाण्याबरोबर खाली सरकला. 1976 मध्ये वरच्या हडसनमधली मासेमारी बंद करावी लागली. गाळ उपसायला 2009 साल उजाडलं.

मग पाणी अडवूनच ठेवावं? संथ पाण्यात गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं आणि लोक फसतात. नितळ पाण्यात ऊन खोलवर पोचतं. सांडपाण्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन आयता मिळाल्यावर शेवाळ फोफावतं. तळाशी प्राणवायू संपला, की गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो.

पहिल्या पावसाचं तर आणखीच वेगळं. तेव्हा रस्त्यांवरची, नाल्यांतली साचलेली घाण एकदम पात्रात येते आणि डोहातला काळा गाळ ढवळला जातो. त्यातले पदार्थ पाण्यातला प्राणवायू काही तासांत ओढून घेतात, मासे तडफडून मरतात. पाण्याचा नमुना घ्यायचा तर पाणी चढत असतानाच घ्यावा. पूर ओसरताना घेतलेला नमुना बऱ्याचदा त्याच नदीला सहज पास करतो.