चाळीस टीबी घेतले, भरायचे किती?

समजा, नारायणगड परिसरात शाखा असलेल्या एखाद्या पतसंस्थेला बीडच्या मुख्य कार्यालयातले सर्व्हर बदलायचेत. विक्रेता सांगतो, 'हायपरकन्व्हर्ज्ड घ्या, वेगळी स्टोरेजची पेटी लागत नाही.' ते खरंच आहे. प्रत्येक सर्व्हरमधल्या डिस्क सॉफ्टवेअर जोडून घेतं आणि सगळ्यांचा मिळून एकच साठा दिसतो. न्यूटॅनिक्सने हे रुळवलं. व्हीएमवेअरचं व्हीसॅन 2014 मध्ये आलं.

आभासी स्टोरेज ही त्याआधीची कल्पना. तिथे डिस्कच्या पेट्या सर्व्हरबाहेरच राहतात. मधला सॉफ्टवेअरचा थर त्या एकत्र करून हवी तेवढी जागा वाटून देतो. पेट्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी बऱ्याचदा चालतात.

आता हिशेब बघा. 4 सर्व्हर, प्रत्येकी 10 टीबी, म्हणजे 40. माहितीच्या दोन-दोन प्रती ठेवल्या की उरले 20. एक सर्व्हर बंद पडला तर त्यावरच्या प्रती उरलेल्या तिघांवर पुन्हा तयार व्हायला जागा नको का? म्हणजे भरायचे 15 टीबीच. (कोटेशनमध्ये 40 दिसले तर हे आधी विचारा.) शिवाय नुसती जागा संपली तरी पुष्कळदा अख्खा सर्व्हर वाढवावा लागतो, आणि लायसन्स कोअरवर मोजलं जात असेल तर तेही वाढतं. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं आणि लगेच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता वर्गणी भरत राहायची.

माझं मत विचाराल, तर स्टोरेजचा जाणकार माणूस हाताशी नसेल तिथे हायपरकन्व्हर्ज्ड सोपं पडतं. नुसती स्कॅन केलेली कागदपत्रंच साठत जाणार असतील तर वेगळी पेटी बरी. बॅकअप मात्र दोन्हीकडे वेगळा हवा, कारण चुकून पुसलेली नोंद दोन्ही प्रतींतून एकदमच जाते.