कल्पना ते विक्रीयोग्य वस्तू : एका घंटीची गोष्ट

काशीगावातल्या एका शाळेत आम्ही गेलो, तेव्हा तिथे विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू होती. नववीतल्या एका मुलाने नळाला पाणी आले की वाजणारी घंटी तयार केली होती. पाण्याची वाट पाहणे हा मीरा-भाईंदरमध्ये अनेक घरांतला अनुभव. त्यामुळे उपकरणाचा उपयोग कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. विज्ञानाच्या बाईंनी आम्हांला विचारले, "सर, हे बाजारात आणायचे तर काय करावे लागेल?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला आम्हांला सारी दुपार लागली.

आधी घंटीची रचना पाहू. नळाखाली प्लास्टिकची डबी टांगलेली असते. डबीच्या काठाशी तांब्याच्या दोन तारा. पाणी दोन्ही तारांना टेकले की त्यातून अगदी अल्प विद्युतप्रवाह वाहतो. ट्रान्झिस्टर तो वाढवतो आणि घंटी वाजते. असे सर्किट पुस्तकांत सापडते. मुलाची खरी युक्ती होती डबीच्या तळाला पाडलेल्या बारीक भोकात. पाणी येण्याआधी नळ फुसफुसतो, थेंब ठिबकतात. ते भोकातून निघून जातात. पाण्याची धार निचऱ्याच्या वेगापेक्षा जास्त झाली तरच डबी भरते. पाणी गेले की ती आपोआप रिकामी होते.

आता पहिली पायरी : यात नवे काय? नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाही. ती प्रत्यक्षात उतरवण्याची रीत नवी, त्या विषयातल्या जाणकाराला सहज न सुचणारी आणि उद्योगात वापरता येण्याजोगी असावी लागते. म्हणून आधी बाजारातल्या वस्तू आणि जुनी पेटंटे धुंडाळावीत. इथे शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. अर्ज करण्यापूर्वी युक्ती प्रदर्शनात सर्वांना दाखवली, तर तिचे नवेपण कायद्याच्या दृष्टीने संपू शकते. १९७०च्या पेटंट कायद्यात प्रदर्शनांसाठी बारा महिन्यांची सवलत आहे. पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. शाळेचे प्रदर्शन त्यात बसत नाही. यावर उपाय म्हणजे आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करणे. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. पेटंट मिळाले तर त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते.

दुसरी पायरी : टेबलावर चालणारा नमुना घरात टिकतो का? तांब्याच्या तारांतून एकाच दिशेने प्रवाह वाहिला की विद्युत अपघटन होते. धन बाजूची तार झिजते, तिच्यावर हिरवट थर चढतो आणि काही दिवसांनी घंटी मुकी होते. तारा गंजरोधक पोलादाच्या घेतल्या, प्रवाहाची दिशा सतत पालटती ठेवली, तर हा दोष बराच कमी होतो. भोकात रेती अडकते, क्षार साचतात. त्यासाठी वर जाळी हवी आणि डबी धुण्यासाठी सहज सुटली पाहिजे. हे दोष प्रयोगशाळेत बसून दिसत नाहीत. दहा नमुने दहा घरांत महिनाभर ठेवले की दिसतात.

तिसरी पायरी हिशेबाची. समजा, डबीचा साचा करून घ्यायला दोन लाख रुपये लागले. हजार घंट्या केल्या तर प्रत्येकीवर साच्याचे दोनशे रुपये पडतात. वीस हजार केल्या तर दहाच. पण वीस हजार खपतील हे कोणी सांगावे? म्हणून पहिले शे-दोनशे नग तयार मिळणाऱ्या डब्यांतच करावेत, साच्याचा विचार नंतर. सुटे भाग, मजुरी, खोकी, दुकानदाराचा नफा आणि बिघडून परत येणारे नग, हे सारे किमतीत धरावे लागते.

चौथी पायरी गिऱ्हाइकाची, आणि ती बहुधा सर्वांत अवघड. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडून ते बेळगावला गेले आणि १९०३च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, तरी पहिली दोन वर्षे तो खपेना; लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगरट प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ती जाणार नव्हती. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तीही या धीराच्या वर्षांनंतरच. चांगली वस्तू आणि विकली जाणारी वस्तू यांत एवढे अंतर असू शकते.

हे सारे ऐकून तो मुलगा हिरमुसेल अशी आम्हांला भीती होती. त्याने विचारले, "मग प्रदर्शनात काय दाखवू?" आम्ही म्हटले, घंटी दाखव, भोकाची डबी मात्र अर्ज होईपर्यंत झाकून ठेव. अर्ज वेळेत होईलच असे नाही. तेव्हा बक्षीस आधी की पेटंट, हे मुलाने, त्याच्या आईवडिलांनी आणि बाईंनी मिळून ठरवायचे होते.

बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले : 'काय नवे' आणि 'काय बिघडेल'. दुसरा रकाना भरायला मुले धावली. आम्ही निघालो तेव्हा तो मुलगा वहीत आपल्या चाळीतल्या दहा घरांची यादी करीत होता, वर तारीख घालून.