परमिट रूममधली टिप: किती, कधी आणि कोणाच्या हातात?

दारूचा विषय अहिल्यानगर जिल्ह्याला नवा नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या टिळकनगरची, १९३३ साली साखर कारखाना म्हणून स्थापन झालेली कंपनी आज ‘मॅन्शन हाऊस’ ब्रँडीसाठी ओळखली जाते. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दारू गावाबाहेर काढली. दारू गाळणारे, विकणारे, पिणारे आणि बंद पाडणारे, सगळ्यांवर इथे वर्षानुवर्षे बोललं जातं. टेबलाशी उभं राहून ती ग्लासात ओतणाऱ्या माणसाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्याला टिप द्यायची का, किती द्यायची आणि दिलेली टिप त्याच्याच खिशात जाते का, हे प्रश्न बिल आल्यावर घाईत सोडवले जातात.

अहिल्यानगर शहरात सावेडी असो, केडगाव असो की मनमाड रोड, परमिट रूममधलं वेटरचं काम थोडं जवळून पाहावं. बाटली गिऱ्हाईकाला दाखवायची, ३० किंवा ६० मिलीच्या मापाने पेग मोजायचा, सोडा फोडायचा, बर्फ आणायचा, चकण्याची बशी रिकामी दिसली की भरायची. कोणाचा ‘रिपीट’ राहिला, कोणाला पाणी साधं हवं, कोणाला थंड, हे लक्षात ठेवायचं. खानावळीतलं गिऱ्हाईक पोटभर जेवून अर्ध्या तासात उठतं, इथली बैठक दोन-दोन तास चालते. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या पेगनंतर वाढलेले आवाज, अरेतुरे आणि कधीकधी शिवीही पचवावी लागते.

या कामाचा मोबदला पेगच्या किमतीतच वसूल होतो, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. वाइन शॉपमध्ये मिळणारी क्वार्टर परमिट रूममध्ये महाग पडते. हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, कारण तिथे गिऱ्हाईक बाटलीसोबत बसायची जागा आणि सेवाही घेतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. पण तो जादा पैसा मालकाच्या गल्ल्यात जातो. त्यातून वेटरच्या वाट्याला येतो तो ठरलेला पगार. टिप हा गिऱ्हाईक आणि वेटर या दोघांमधला वेगळा व्यवहार आहे.

न्यायालयांनीही तो वेगळाच मानला आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टिपला मालकाने दिलेलं वेतन मानायला नकार दिला. पुढे २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात, कार्डावरून आलेली आणि हॉटेलने कर्मचाऱ्यांत वाटलेली टिपही पगार ठरत नाही, कारण ती गिऱ्हाईकाकडून आलेली असते, असा निकाल लागला. म्हणजे ‘टिप मिळते ना, मग पगार कमी चालेल’ हा हिशेब आपल्याकडे बसत नाही. अमेरिकेत तो कायद्यानेच बसवला आहे. तिथे टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला निदान २.१३ डॉलर द्यावेत, हा संघराज्याचा दर १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून किमान वेतन भरलं नाही, तरच उरलेली रक्कम मालकाने द्यायची. काही राज्यांचे दर याहून चांगले आहेत. बारमध्ये प्रत्येक ड्रिंकमागे एखादा-दुसरा डॉलर ठेवण्याची तिथली रीत या पगारपद्धतीशी बांधलेली आहे. ती जशीच्या तशी नगरमध्ये आणायचं कारण नाही.

मग इथे किती द्यावी? कायदा काही सांगत नाही. सर्वसाधारणपणे बिलाच्या पाच ते दहा टक्के देणं रास्त आहे. हिशेब मूळ रकमेवर करावा, करांवर नको. परमिट रूममधल्या मद्यावर व्हॅट लागतो आणि तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं आणि त्याविरोधात १४ जुलै रोजी राज्यभर बार बंद ठेवले गेले. बिल असं फुगलं की पहिली कात्री टिपला लागते. १,४६० रुपयांच्या बिलावर १,५०० देऊन ‘राहू दे’ म्हणणारा आपण उदार झालो असं समजतो. प्रत्यक्षात ते चाळीस रुपये तीन टक्केसुद्धा भरत नाहीत. काउंटरवर उभ्याने एखादी बीअर घेऊन निघणाऱ्याने काही दिलं नाही तरी चालतं. दोन तास टेबल अडवणाऱ्याने द्यायलाच हवं.

वेळही महत्त्वाची. बैठक सुरू होतानाच शंभराची नोट हातात कोंबून ‘जरा हात मोकळा ठेव’ म्हणण्याची सवय अनेकांना असते. हे वाईट. परवानाधारकाला दारूच्या साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो. एका ग्लासात जास्त गेलेले दहा मिली कुठून तरी भरून काढावे लागतात, आणि तो फटका शेजारच्या टेबलाला किंवा वेटरच्या पगाराला बसतो. टिप शेवटी द्यावी, बिल तपासून.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो टिप समजू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हा आकार सक्तीने लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. गिऱ्हाईकाने तो काढायला सांगावा. काढला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाचलेल्या रकमेतून वेटरला हातात टिप दिली, तर ती नक्की कोणाकडे गेली हे तरी कळतं.

अलीकडे खरी अडचण वेगळीच झाली आहे. बडीशेपेच्या बशीत सुट्टे पैसे उरत नाहीत, कारण बिल मोबाइलवरून फेडलं जातं. क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो. त्यावर पन्नास रुपये जास्त टाकले, तर ते वेटरपर्यंत पोहोचणं मालकाच्या इच्छेवर राहतं. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपची सगळी रक्कम कामगारांना देण्याचं बंधन कायद्याने मालकांवर आलं आहे. आपल्याकडे तसं बंधन येईपर्यंत खिशात दहा-वीस-पन्नासच्या चार नोटा ठेवणं किंवा वेटरला विचारून त्याच्याच नंबरवर पैसे पाठवणं हाच उपाय. काही ठिकाणी टिपचा डबा असतो आणि त्यातून भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो. तसा डबा असेल तर पैसे त्यात टाकावेत. नसेल तर ‘आतल्या पोरांनाही दे’ एवढं सांगून थोडे जास्त द्यावेत.

मित्रांच्या बैठकीत काँट्री काढताना टिप हमखास राहून जाते. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने दिली असेल. म्हणून आधी बिलात टिप मिळवावी आणि मग माणशी भागावं. २,००० च्या बिलात १५० धरले आणि पाच जण असले तर प्रत्येकी ४३० होतात. ज्याच्या खिशात रोख असेल त्याने ते दीडशे वेटरला हाक मारून हातात द्यावेत, आणि बाकीच्यांनी आपापला वाटा त्याला पाठवावा.