सिंकखालची पेटी

सांडपाण्याला ढाळ लागतो. मोरीच्या पाइपाला चाळीसात एक, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार दिला की पुढचं काम पाणी आपल्या वजनानेच उरकतं. पंचाईत होते तळघरात. इमारतीचा ड्रेनेज पाइप छताजवळून गेलेला असतो आणि खाली कुणाला ऑफिसची पँट्री हवी असते, कुणाला दवाखान्यात हात धुण्याचं बेसिन. नळाचं पाणी कुठेही आणता येतं; वापरलेलं पाणी घालवायचं कसं, हा प्रश्न टाइल्स बसल्यावर आठवतो.

अशा ठिकाणी सिंकखालच्या कपाटात एक प्लॅस्टिकची पेटी बसते. सिंकचं पाणी ट्रॅपमधून हिच्यात पडतं. पेटीत एक नळी तोंड खाली करून सोडलेली असते आणि तिच्यात हवा कोंडलेली राहते. पाणी चढलं की ही हवा दाबली जाते, वरच्या पातळ पडद्याला रेटते आणि पडद्यामागचं बटण पेटीतल्या पंपाची मोटार सुरू करतं; पंप पाणी वरच्या ड्रेनेज पाइपाकडे चढवतो. पाणी उतरलं की मोटार बंद. वॉशिंग मशीनला पाणी किती भरलं हे याच युक्तीने कळतं. काही पेट्यांत नळीऐवजी तरंगता फ्लोट असतो. तो समजायला सोपा, पण तेलकट मळीने अडकायलाही तितकाच सोपा.

गिऱ्हाईक विचारतं, पंप किती हॉर्सपॉवरचा? खरं तर पाणी तीन मीटर उचलणं हे फार मोठं काम नाही. तीनशे वॉटचा पंप मिनिटाला तीस लिटर पाणी चढवत असेल आणि दिवसाला साठ लिटर पाणी वापरलं जात असेल, तर तो रोज जेमतेम दोन मिनिटं चालेल. महिन्याचा खर्च एक तृतीयांश युनिटही नाही. बिलाची धास्ती घेण्याचं कारणच नाही.

घोटाळे होतात ते पाइपात. पंप थांबला की उभ्या पाइपात चढलेलं पाणी परत खाली यायला बघतं. आतून ३२ मिलिमीटरच्या पाइपात तीन मीटर उंचीवर सुमारे २.४ लिटर पाणी असतं. ते पेटीत परतलं की बटण पुन्हा दाबलं जातं, मोटार तेच पाणी पुन्हा चढवते, आणि हा खेळ रात्रभर चालतो. म्हणून पेटीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. त्याच्या वर एक बॉल व्हॉल्व्ह बसवला तर दुरुस्तीच्या वेळी वरचं पाणी अंगावर येत नाही.

दुसरी चूक सद्भावनेतून होते. ‘तुंबायला नको’ म्हणून जाडा पाइप टाकतात. उताराच्या पाइपाला हा विचार ठीक आहे, चढाच्या पाइपाला उलटा. मिनिटाला ३६ लिटर पाणी ३२ मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला पाऊण मीटर वेगाने धावतं आणि गाळ सोबत नेतं. तेच पाणी ५० मिलिमीटरच्या पाइपात सेकंदाला ३० सेंटिमीटरवर येतं आणि शितं, चहापत्ती तळाशीच राहते. पाइप आधी सरळ उभा न्यावा, मग आडवा, तोही मुख्य पाइपाकडे ढाळ देऊन. जोड मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाला घ्यावा, म्हणजे तिथलं पाणी आपल्या पाइपात शिरत नाही.

पेटीला श्वासही लागतो. पाणी आत आलं की हवेला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर सिंक गुडगुडत, रेंगाळत रिकामं होतं. ही वाट बाहेर न काढता कपाटातच सोडली, की वास कुठून येतो याचा शोध घरभर सुरू होतो.

अर्थात पंपाचा खरा वैरी आपल्याच हातात असतो. कढईतलं तेल गरम पाण्याबरोबर वाहून जातं, पेटीत थंड होतं आणि कडांना थर धरून बसतं. नळीचं तोंड बुजलं की मोटार सुरू होत नाही, किंवा थांबत नाही. खरकटं जाळीत अडवावं, तेल कागदाने पुसून घ्यावं. या पेटीला संडास जोडू नये. त्यासाठी वेगळा, मैला दळणारा पंप लागतो.

शहरांनाही हीच अडचण असते, फक्त आकार मोठा. १८५८मध्ये लंडनभर पसरलेल्या मैलापाण्याच्या दुर्गंधीनंतर तिथे अभियंता जोसेफ बाझलगेटने गटारांचं जाळं आखलं. सखल भागातलं मैलापाणी वर चढवायला १८६५मध्ये क्रॉसनेसला आणि १८६८मध्ये ॲबी मिल्सला वाफेच्या इंजिनांची पंपघरं उभी राहिली. क्रॉसनेसच्या चार इंजिनांना तर राजघराण्यातली नावं होती! मुंबईत वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनचं कामही मैलापाणी उचलण्याचंच.

माझं मत विचाराल तर पेटी घेण्याआधी टेप घेऊन बसा. ओटा एक पायरी उंच करून किंवा सिंक दुसऱ्या भिंतीला नेऊन ढाळ मिळत असेल, तर तेच करा. ढाळाला वीज लागत नाही. नाहीच जमलं तर पेटी बसवा, पण फरशीखाली गाडू नका. झाकण हाताने उघडता आलं पाहिजे, अर्थिंग आणि करंट गळताच वीज तोडणारी आरसीसीबी हवीच. आणि वीज गेली की नळ बंद ठेवा, कारण पेटीत जागा चार-दोन भांड्यांच्या पाण्यापुरतीच असते.