म्हातारा खेळाडू, तरुण यंत्र

मुलांनो, समजा घरातल्या जुन्या सामानात तुम्हाला १९९० च्या सुमाराचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम सापडला. आजच्या वेगवान संगणकावर तो कसा खेळेल?

आधी तो सुरू तर व्हायला हवा! त्या काळातले डॉसचे १६ बिटांचे प्रोग्रॅम आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. ‘डॉसबॉक्स’ नावाचा प्रोग्रॅम मात्र जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग घेतो. त्यात आपला म्हातारा खेळाडू जागा होतो.

आता तो पूर्वीपेक्षा नक्कीच चांगला खेळेल. कारण तेवढ्याच वेळात तो जास्त खेळ्या तपासू शकतो. मग यंत्र हजारपट वेगवान, तर खेळाडूही हजारपट हुशार? छे! पटावर एका वेळी सरासरी ३५ खेळ्या शक्य असतात. प्रत्येकीला पुन्हा ३५ उत्तरं. म्हणजे दोनच खेळ्यांत १,२२५ शक्यता! हजारपट वेगाची कमाई इथेच संपली. प्रोग्रॅम निरुपयोगी शक्यता छाटत जातो, तरी तो फार तर चारेक खेळ्या जास्त पुढचं पाहील.

शिवाय असे जुने प्रोग्रॅम एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले. नव्या यंत्रात आठ असले, तर सात नुसते बसून राहतात! आणि राजा सुरक्षित आहे का, प्यादं किती मोलाचं, ही समज त्याला लिहिणाऱ्याने जेवढी दिली तेवढीच राहते.

समज किती मोलाची, ते पाहा. १९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला ३½–२½ असं हरवलं. हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. २००९ मध्ये ब्युनॉस आयर्सला ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्रॅम साध्या मोबाइलवर खेळला. सेकंदाला २० हजारांहूनही कमी स्थिती! तरी १० डावांत ९½ गुण मिळवून त्याने स्पर्धा जिंकली. समोर कास्पारोव्ह नव्हता, हे खरं. पण वेग दहा हजारपट कमी होता, बरं का!

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. एकच प्रोग्रॅम स्वतःशीच खेळवा. एका बाजूला खेळीसाठी १ सेकंद द्या, दुसरीला ३०. जास्त वेळ म्हणजे जणू वेगवान यंत्रच. दहा डाव खेळवा, दर डावाला रंग बदला आणि निकाल वहीत मांडा. तीसपट वेळ मिळालेला तीसपट डाव जिंकतो का?